मोठ्या खंडानंतर स्कायडायव्हिंगकडे परतताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण, नोकरी, लग्न, मुले, घरातले आजारपण, कर्जाचे हप्ते: उड्या थांबण्याची कारणे प्रत्येकाची वेगळी असतात, परत यायचे ठरवल्यावर पडणारे प्रश्न मात्र बहुतेक सारखेच असतात. मी स्वतः पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतरची नोकरी यांमुळे सात वर्षे थांबले होते. परतल्यानंतर पुढे प्रशिक्षक झाले आणि तेव्हापासून हे प्रश्न मला सातत्याने विचारले जात आहेत. पुढील उत्तरांत उंची फुटांत दिली आहे, कारण अनेक ठिकाणी अल्टिमीटर या उंचीमापकावर तीच असते. आवश्यक तेथे मीटरही दिले आहेत. नियमांची उदाहरणे अमेरिकेतील यूएसपीए (युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन) या संघटनेची आहेत. आपल्या देशातील संघटनेचे आणि आपण जेथे उडी मारणार त्या ड्रॉपझोनचे नियम याहून कडक असू शकतात आणि तेच पाळायचे असतात.

१. शेवटची उडी मारून आठ वर्षे झाली. आता सगळे पहिल्यापासून शिकावे लागेल का?

बहुतेकांना शिकावे लागत नाही, परंतु किती शिकावे लागेल हे केवळ वर्षांवर ठरत नाही. तीनशे उड्या मारून तीन वर्षे थांबलेली व्यक्ती आणि बारा उड्या मारून तीन वर्षे थांबलेली व्यक्ती यांची स्थिती एकसारखी नसते. पहिलीच्या शरीरात काही गोष्टी मुरलेल्या असतात. दुसरीच्या बाबतीत त्या अद्याप मुरायच्याच होत्या. म्हणून मोजक्या उड्या आणि मोठा खंड असल्यास पहिल्या उडीचा संपूर्ण अभ्यासक्रम पुन्हा करायला सांगितले जाते, तर अनुभवी व्यक्तीसाठी काही तासांची उजळणी आणि देखरेखीखालच्या एक-दोन उड्या पुरेशा ठरू शकतात.

परतणाऱ्या प्रत्येकाला मी सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते: आत्मविश्वास कौशल्याच्या आधी परत येतो. ड्रॉपझोनवर पाऊल ठेवले, विमानाच्या इंधनाचा वास आला, कोणी जुने ओळखीचे भेटले, की काल-परवाच उडी मारली होती असे वाटू लागते. हे वाटणे खरे असते, पण ते आठवणीतून येते, सरावातून नाही. पुढची बहुतेक उत्तरे या एकाच फरकाभोवती फिरतात.

२. माझा परवाना अजून ग्राह्य आहे का? तो असल्यास थेट उडी मारता येईल का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. यूएसपीएचा परवाना एकदा मिळाला की त्यासाठी पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही, परंतु त्याचे अधिकार वापरण्यासाठी संघटनेचे सदस्यत्व चालू असावे लागते. सदस्यत्व संपले असेल तर ते नव्याने घ्यावे.

परवाना ग्राह्य असला तरी थेट उडी मारता येत नाही, कारण सराव तुटल्याची मर्यादा वेगळी असते. यूएसपीएनुसार विद्यार्थ्याच्या बाबतीत ती ३० दिवस, ‘ए’ (‘ए’ ते ‘डी’ या चढत्या श्रेणींतील पहिल्या) परवानाधारकाच्या बाबतीत ६० दिवस, ‘बी’साठी ९० दिवस आणि ‘सी’ व ‘डी’साठी ६ महिने आहे. त्याहून मोठा खंड पडला असल्यास प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली किमान एक उडी मारून उंचीचे भान, मुक्तपतनातील (पॅराशूट उघडण्यापूर्वीच्या पडण्यातील) नियंत्रण, इतरांपासून दूर सरकणे आणि कॅनोपीची (उघडलेल्या पॅराशूटच्या छत्रीची) हाताळणी समाधानकारक असल्याचे दाखवावे लागते. ‘किमान एक’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. ही मर्यादा काही महिन्यांच्या खंडाचा विचार करून आखलेली आहे. काही वर्षांनी परतणाऱ्याने एका उडीत सर्व आटोपण्याची अपेक्षा ठेवू नये.

३. परवाना मिळण्याआधीच शिक्षणासाठी थांबावे लागले. आधीच्या उड्या वाया गेल्या का?

नोंदवलेल्या उड्या एकूण संख्येत धरल्या जातात. यूएसपीएच्या ‘ए’ परवान्यासाठी किमान २५ उड्या लागतात. त्यातील १४ झाल्या असतील तर त्या १४ राहतातच. मात्र प्रशिक्षणातील टप्पा तोच राहील असे नाही. एकट्याने उडी मारण्याची परवानगी मिळालेल्या विद्यार्थ्याला परतल्यावर पुन्हा प्रशिक्षकासोबत उडी मारावी लागते आणि एखाद-दोन टप्पे मागे यावे लागते.

यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मी पाहिलेले कित्येक विद्यार्थी दुसऱ्यांदा शिकताना अधिक चांगले शिकले, कारण पहिल्या वेळी ज्या सूचना त्यांनी केवळ पाठ केल्या होत्या, त्यांमागचे कारण आता त्यांना विचारावेसे वाटत होते.

४. माझे लॉगबुक हरवले आहे. काय करावे?

परवाना घेतला असल्यास संघटनेकडे त्याची नोंद असते. तेवढ्याने किमान अनुभव सिद्ध होतो. पूर्वीच्या ड्रॉपझोनकडेही अनेकदा विमानात बसलेल्यांच्या याद्या किंवा प्रशिक्षणाचे कागद सापडतात. काहीच न मिळाल्यास नवे लॉगबुक सुरू करून पहिल्या पानावर ‘आधीच्या अंदाजे इतक्या उड्या, नोंद उपलब्ध नाही’ असे स्पष्ट लिहावे. संख्या फुगवून सांगू नये. प्रशिक्षक त्या आकड्यावरून आपल्यासाठी कॅनोपी आणि उडीचा आराखडा ठरवतो; त्यामुळे फुगवलेल्या आकड्याचे परिणाम आपल्यालाच जमिनीजवळ भोगावे लागतात.

५. सर्वांत जास्त काय विसरले जाते?

बहुतेकांना भीती असते की मुक्तपतनात शरीर स्थिर राहणार नाही. प्रत्यक्षात शरीराला कमान देऊन पोटावर पडण्याची स्थिती बऱ्यापैकी लवकर परत येते. एका उडीत नाही तर दुसरीत येते. ज्या दोन गोष्टी खऱ्या अर्थाने गंजतात त्या म्हणजे आणीबाणीतील निर्णयाचा वेग आणि कॅनोपीखालची नजर.

निर्णयाच्या वेगाचा हिशेब असा आहे. पोटावर पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. पहिल्या दहा सेकंदांत साधारण हजार फूट आणि त्यानंतर दर साडेपाच सेकंदांना जवळजवळ हजार फूट उंची संपते. २,५०० फुटांवर काहीही न उघडता याच वेगाने खाली जाणाऱ्यापाशी सुमारे चौदा सेकंद असतात. सरावात असलेला माणूस पॅराशूटचा बिघाड पाहताक्षणी ओळखतो. सराव तुटलेला माणूस आधी ‘हे काय आहे’ असा विचार करतो आणि ते दोन-तीन सेकंद त्याच चौदातून जातात.

कॅनोपीखालची नजर याहून अवघड, कारण ती गंजल्याचे आपल्याला जाणवत नाही. वारा कोठून आहे, किती आहे, उतरण्याच्या मार्गाचे तीन टप्पे कोणत्या उंचीवर सुरू करायचे आणि शेवटी दोन्ही टॉगल (कॅनोपी वळवण्याच्या मुठी) कोणत्या क्षणी खाली खेचून फ्लेअर करायचा, म्हणजे उतरण्याचा वेग कमी करायचा, हे डोळे मोजतात. सात वर्षांनंतरच्या माझ्या पहिल्या उडीत मुक्तपतन उत्तम झाले, पॅराशूट वेळेवर उघडले, मैदानाकडे येणेही नीट झाले. शेवटी मात्र मी सरळ पायांखाली पाहत राहिले, जमीन एकदम वर येत असल्यासारखे वाटले आणि मी बरीच वर असतानाच फ्लेअर केला. सुदैवाने जमिनीवरून प्रशिक्षक रेडिओवर ओरडले, ‘सोडू नका, तसेच धरा, पाय जुळवा!’ टॉगल झटकन वर सोडले असते तर कॅनोपीने पुढे झेप घेऊन मला आपटले असते. मी ते धरून ठेवले, पाय आणि गुडघे एकत्र ठेवून कुशीवर लोळले आणि एका मुरगळलेल्या घोट्यावर सुटले. अपघातांच्या नोंदी पाहिल्या तर पूर्ण उघडलेल्या, सुस्थितीतल्या कॅनोपीखाली उतरताना झालेल्या दुखापतींचा वाटा मोठा आहे. म्हणून परतीच्या उड्यांत मी कॅनोपीलाच सर्वाधिक वेळ देते.

६. परत येण्याच्या दिवशी नेमके काय करून घेतात?

आधी बोलणे होते: किती उड्या, शेवटची कधी, कोणत्या आकाराची कॅनोपी, मध्यंतरी काही दुखापत किंवा शस्त्रक्रिया. त्यानंतर जमिनीवरची उजळणी होते. विमानात बसणे व विमानातली आणीबाणी, दारातून बाहेर पडणे, हाताच्या खुणा, पॅराशूट उघडण्याची उंची, बिघाडांचे प्रकार, त्या दिवसाचा वारा आणि उतरण्याचा मार्ग हे सर्व त्यात येते.

मग टांगलेल्या हार्नेसमध्ये बसवतात, आणि माझ्या मते संपूर्ण दिवसातला हाच सर्वांत मोलाचा भाग आहे. छताला अडकवलेल्या पट्ट्यांवर आपण लोंबकळत असतो, पाय अधांतरी असतात, मांड्यांच्या पट्ट्या काचत असतात. प्रशिक्षक एकामागून एक चित्रे दाखवतो: पिळलेल्या दोऱ्या, एका बाजूने न उघडलेली कॅनोपी, पिशवीतच अडकलेले पॅराशूट. प्रत्येक वेळी ‘ठीक’ किंवा ‘बिघाड’ हे मोठ्याने सांगायचे आणि बिघाड असल्यास मुख्य पॅराशूट सोडून राखीव उघडण्याची संपूर्ण कृती करायची. माझ्या उजळणीत वेगाने गरगरणाऱ्या कॅनोपीचे चित्र समोर आले तेव्हा तोंडाने मी ‘लाल हँडल पाहा, लाल हँडल धरा’ असे बिनचूक म्हणत होते, आणि हात मात्र छातीच्या पट्ट्याच्या बकलावर चाचपडत होता. शब्द लक्षात राहिले होते, हाताला जागा आठवत नव्हती. त्यानंतर आम्ही तीच कृती सुमारे पंचवीस वेळा केली. उजळणी संपली असे प्रशिक्षकाने म्हटले तरी आपला हात न पाहता अचूक जागी जात नसेल तर आणखी वेळ मागून घ्यावा. तो मागणे हा आपला हक्क आहे.

शेवटी रिग (हार्नेस, मुख्य व राखीव पॅराशूट असा संपूर्ण संच) चढवण्यापूर्वी, विमानात बसण्यापूर्वी आणि दार उघडण्यापूर्वी अशा तीन तपासण्या करायच्या असतात. प्रत्येक वेळी खांद्यावरची तीन कड्यांची जोडणी, हार्नेसचे तीन बंद आणि तीन हँडल हा क्रम पाळला की काही सुटत नाही.

७. आधी विंड टनेलमध्ये (खालून येणाऱ्या जोराच्या हवेवर तरंगण्याच्या दालनात) सराव केला तर उजळणी टाळता येईल का?

टाळता येणार नाही, परंतु टनेलचा उपयोग निश्चित आहे. शरीराची स्थिती, वळणे आणि श्वासावरचा ताबा तेथे परत मिळवता येतो, आणि एका उडीत साधारण पन्नास-साठ सेकंदांचे मुक्तपतन मिळत असल्यामुळे टनेलमधली दहा मिनिटे अनेक उड्यांइतकी भरतात. मात्र टनेलमध्ये उंची कमी होत नाही. तेथे वर्षानुवर्षे उडणारी व्यक्ती आकाशात आल्यावर अल्टिमीटर पाहायचेच विसरण्याची शक्यता असते. दारातून बाहेर पडणे, पॅराशूट उघडणे, कॅनोपी आणि उतरणे यांतील काहीही तेथे होत नाही, आणि प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे गंज नेमका तेथेच असतो. टनेलमध्ये जायचेच असेल तर मनगटावर अल्टिमीटर बांधून दर काही सेकंदांनी तो पाहण्याची सवय तेथेही ठेवावी.

८. मी थांबलो तेव्हाचे नियम आता बदलले आहेत का?

किती वर्षांपूर्वी थांबलात त्यावर अवलंबून आहे. २०१३ मध्ये यूएसपीएने ‘सी’ व ‘डी’ परवानाधारकांसाठी मुख्य पॅराशूट उघडण्याची किमान उंची २,००० फुटांवरून २,५०० फूट, म्हणजे सुमारे ७६० मीटर केली. विद्यार्थी व ‘ए’ परवानाधारकांसाठी ती ३,००० फूट आहे. जुन्या मंडळींच्या हाताला २,००० फुटांची सवय असते. ती जाणीवपूर्वक मोडावी लागते. माझा आग्रह असा की परतीच्या पहिल्या उड्यांत, परवाना कोणताही असला तरी, किमान उंचीच्या बऱ्याच वर, ४,५०० ते ५,००० फुटांच्या आसपास उघडावे. मात्र ते प्रशिक्षकाला आणि आपल्यानंतर उडी मारणाऱ्यांना आधी सांगावे, कारण वरून येणाऱ्याला आपण त्या उंचीवर अपेक्षित नसतो.

बिघाड झाल्यास निर्णय घेऊन कृती सुरू करण्याची उंची विद्यार्थी व ‘ए’साठी २,५०० फूट आणि त्यावरील परवान्यांसाठी १,८०० फूट आहे. १,००० फुटांच्या खाली मुख्य पॅराशूट सोडण्याचा प्रयत्न न करता थेट राखीव उघडायचे असते. हे आकडे उडीच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधीपासून रोज उजळावेत.

याशिवाय बाहेर पडणाऱ्या गटांमधील अंतर, त्यांचा क्रम आणि मैदानावर उतरण्याची दिशा यांबाबत प्रत्येक ड्रॉपझोनची पद्धत आता बरीच काटेकोर झाली आहे. तिरप्या दिशेने उडणारे गट आणि विंगसूटवाले (पंखासारखा पोशाख घालून उडणारे) वाढल्यामुळे आकाशातली वाहतूक पूर्वीसारखी राहिलेली नाही.

९. माझी स्वतःची रिग कपाटात पडून आहे. ती वापरता येईल का?

रिगरने, म्हणजे पॅराशूट तपासून घडी करणाऱ्या तज्ज्ञाने, संपूर्ण तपासणी करेपर्यंत नाही. ‘मी स्वतः उघडून पाहिली, चांगली दिसते’ हे पुरेसे नाही, कारण ज्या गोष्टी बिघडतात त्यांतल्या अनेक नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

राखीव पॅराशूटपासून सुरुवात करावी. अमेरिकेत ते दर १८० दिवसांनी प्रमाणित रिगरकडून उघडून, तपासून पुन्हा घडी करून घ्यावे लागते; २००८ च्या अखेरीपर्यंत ही मुदत १२० दिवस होती. इतर देशांत मुदत वेगळी असू शकते, पण वर्षानुवर्षे न उघडलेले राखीव कोणत्याच देशात चालत नाही.

मुख्य पॅराशूटच्या बाबतीत साठवणूक कशी झाली ते महत्त्वाचे. नायलॉनचे सर्वांत मोठे शत्रू म्हणजे ऊन आणि रसायने. खिडकीजवळ किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेली रिग अंधाऱ्या, कोरड्या कपाटातल्या रिगपेक्षा कितीतरी जास्त झिजलेली असते. रबर बँड जुने होऊन चिकट होतात आणि दोऱ्यांना व कापडाला चिकटून बसतात. माझ्या रिगवर ते मेणासारखे वितळून पिशवीच्या कडेला पक्के बसले होते आणि रिगरला ती जागा तासभर साफ करावी लागली. इलॅस्टिक सैल पडते, आणि पायलट च्यूटचा (मुख्य पॅराशूट बाहेर ओढणाऱ्या छोट्या पॅराशूटचा) कप्पा सैल पडणे ही किरकोळ बाब नाही, कारण पायलट च्यूट विमानाच्या दारातच बाहेर निसटू शकतो. बंद करणारा दोरीचा फासा तर बदलायचाच; त्यावर फारसा खर्च येत नाही आणि त्यावर बरेच अवलंबून असते.

दोऱ्यांचा प्रकारही रिगरला विचारावा. स्पेक्ट्रा प्रकारच्या दोऱ्या स्लायडरच्या (दोऱ्यांवरून घसरत येऊन कॅनोपीचे उघडणे सावकाश करणाऱ्या कापडाच्या) घर्षणाच्या उष्णतेने आखडतात, आणि बाहेरच्या व ब्रेकच्या दोऱ्या सर्वाधिक आखडत असल्याने कॅनोपीची ठेवण बदलते. नुसत्या पडून राहण्याने असे होत नाही. परंतु थांबण्यापूर्वी त्यांवर सहाशे उड्या झाल्या असतील तर त्या तेव्हाच बदलायला आल्या होत्या, हे आज आठवत नसते. निर्मात्याने मध्यंतरी आपल्या मॉडेलसाठी सुरक्षा-सूचना काढली आहे का, हेही रिगर तपासतो.

तपासणीत रिग उत्तम ठरली तरीही पहिल्या काही उड्या ड्रॉपझोनच्या प्रशिक्षण-रिगवर माराव्यात, असे मी सांगते. तिची कॅनोपी मोठी आणि शांत असते. अट एकच: हँडलांच्या जागा आपल्या सवयीपेक्षा वेगळ्या असतील तर प्रश्न ६ मधला टांगलेल्या हार्नेसचा सराव त्याच रिगच्या रचनेवर करावा.

१०. जुन्या रिगमधले एएडी अजून चालू होते. तरी ते बदलायला का सांगतात?

बटण दाबल्यावर दिवा लागणे म्हणजे उपकरण विश्वासार्ह असणे नव्हे. ठरावीक उंचीखाली मुक्तपतनाच्या वेगाने जात असल्यास राखीव पॅराशूट आपोआप उघडणाऱ्या या उपकरणाला निर्मात्याने ठरवलेले आयुष्य असते, तर काही मॉडेल्सना ठरावीक वर्षांनी कारखान्यात तपासणीही लागते. ही मुदत निर्मितीच्या तारखेपासून मोजली जाते, वापरलेल्या दिवसांवर नाही. कपाटात गेलेली वर्षेही त्यात धरली जातात.

उदाहरणादाखल, १९९१ मध्ये जर्मनीत बाजारात आलेल्या सायप्रेसचे अनुभवी व्यक्तींसाठीचे मॉडेल सुमारे ७५० फुटांवर, वेग सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त असेल तर राखीवचा फासा कापते. त्या उंचीवर माणसापाशी चारच सेकंद उरलेले असतात. तेथे मुदत संपलेल्या बॅटरीवर विसंबणे मला मान्य नाही.

११. मधल्या काळात वजन दहा किलोने वाढले. त्याने काय फरक पडतो?

फरक पडतो आणि तो मोजता येतो. कपडे व रिगसह आपले एकूण वजन पौंडांत घेऊन त्याला कॅनोपीच्या चौरस फुटांनी भागले की विंग लोडिंग मिळते. समजा, पूर्वी एकूण वजन १८० पौंड होते आणि कॅनोपी १९० चौरस फुटांची, लोडिंग ०.९५ होते. दहा किलो म्हणजे २२ पौंड वाढल्यावर ते १.०६ होते. वेग लोडिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्याच कॅनोपीचा वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो, वळताना उंची अधिक जाते, आणि हे सारे आपली नजर सर्वांत कच्ची असताना घडते. परतताना लोडिंग १ च्या खाली राहील एवढी मोठी कॅनोपी घ्यावी. हार्नेसही वाढलेल्या शरीराला बसतो का आणि राखीव पॅराशूटची निर्मात्याने दिलेली वजनमर्यादा ओलांडली जात नाही ना, हे रिगरकडून पाहून घ्यावे.

१२. थांबण्यापूर्वी मी लहान, वेगवान कॅनोपी उडवत असे. मोठीवर परत जाणे मागे जाण्यासारखे नाही का?

ती कॅनोपी आपण आठवड्याला दहा उड्या मारत असताना निवडली होती. तेव्हाच्या सरावासाठी ती योग्य असेल, पण तो सराव आता नाही. मोठ्या कॅनोपीवर किमान दहा-पंधरा उड्या मारून, ठरवलेल्या जागी, उभ्याने, वेगवेगळ्या वाऱ्यांत उतरता येऊ लागल्यावर एकेक आकार कमी करावा. जमिनीजवळची वेगवान वळणे करणाऱ्यांनी तर कॅनोपी-प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम पुन्हा केल्याशिवाय त्यांना हातही लावू नये. हे मी विनवणीने सांगते आहे. नुसत्या आठवणीवर घेतलेल्या एका वळणामुळे मी एक उत्तम उडी मारणारी मैत्रीण कित्येक महिने अंथरुणाला खिळलेली पाहिली आहे.

१३. वय वाढले आहे, चष्मा लागला आहे, गुडघाही दुखतो. डॉक्टरांना काय विचारावे?

नुसते ‘मी उडी मारू का’ असे न विचारता शरीरावर काय ताण येतो ते सांगावे: पॅराशूट उघडतानाचा हिसका, काही मिनिटांत हवेच्या दाबात होणारा बदल, हात पूर्ण वर व खाली जोराने खेचणे आणि प्रसंगी जमिनीवर लोळणे.

खांदा कधी निखळला असेल तर तो न लपवता सांगावा. गुडघा दुखत असताना कुशीवर लोळून उतरता येते. परंतु मुक्तपतनात खांदा निखळला तर हात हँडलपर्यंत पोहोचणारच नाही. सर्दी किंवा सायनसचा त्रास असताना उडी टाळावी. झोप आणणारी औषधे चालू असतील तर त्यांबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे. बाळंतपणानंतर परतणाऱ्या स्त्रियांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून पोटाच्या व ओटीपोटाच्या स्नायूंची तपासणी करून घ्यावी, कारण हार्नेसचा हिसका मांड्या आणि ओटीपोट यांवरच येतो.

चष्म्याबाबत एक बारकावा आहे. दूरचे व जवळचे दोन्ही दाखवणाऱ्या भिंगांचा खालचा भाग वाचनासाठी असतो. उतरताना नजर खाली गेली की जमीन त्याच भागातून धूसर दिसते आणि फ्लेअरचा अंदाज चुकतो. केवळ दूरच्या नंबरचा, गॉगलखाली घट्ट बसणारा चष्मा घ्यावा आणि मनगटावरचा अल्टिमीटर मोठ्या आकड्यांचा किंवा काट्याचा निवडावा.

१४. पूर्वी भीती वाटत नसे. आता दारात उभे राहायच्या कल्पनेनेच हात गार पडतात. हे चुकीचे लक्षण आहे का?

नाही. विशीत आपल्यावर अवलंबून कोणी नव्हते. आता मूल आहे, घर आहे. मनाने धोक्याचे मोजमाप नव्याने केले आहे आणि ते पूर्वीपेक्षा अचूक आहे. उजळणी, योग्य कॅनोपी आणि शांत हवामानाचा दिवस यांनी भीती कमी होत गेली तर ती आपले काम करून बाजूला होत आहे, असे समजावे.

भीतीमुळे अल्टिमीटर पाहणे सुटत असेल किंवा प्रशिक्षकाचे शब्द कानांवरून जात असतील तर त्या दिवशी उडी मारू नये. विमानात चढल्यावर, दार उघडल्यावरही नकार देता येतो आणि विमानासोबत खाली येता येते. मी तसे आलेल्यांना नेहमी स्वतः उतरवून घेते आणि त्यांच्यासोबत चहा पिते.

१५. जुने मित्र पहिल्याच दिवशी गटात उडी मारायला बोलावत आहेत. जावे का?

पहिल्या दिवशी जाऊ नये. गटात दुसऱ्यांपासून दूर सरकणे, उघडण्यापूर्वी हात हलवून इशारा देणे आणि कॅनोपीखाली इतरांना चुकवणे या जबाबदाऱ्या इतरांच्या जिवाशी संबंधित असतात. प्रशिक्षकाने मान्यता दिल्यावर प्रथम एकासोबत, मग दोघांसोबत उडी मारावी. खरे मित्र तेवढे थांबतात.

१६. परतल्यानंतर सराव टिकवायला किती उड्या लागतात?

सुरुवातीच्या उड्या जवळजवळ असाव्यात, हे संख्येपेक्षा महत्त्वाचे. वर्षभरात दर महिन्याला एक अशा बारा उड्या मारण्यापेक्षा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आठ-दहा उड्या मारून नंतर महिन्याला दोन-तीन मारणे कितीतरी सुरक्षित, कारण पहिल्या पद्धतीत प्रत्येक उडी थोडी ‘पहिली’च राहते. पैसे मोजकेच असतील तर तेवढी रक्कम साठेपर्यंत परतीची तारीख पुढे ढकलावी.

१७. मी पूर्वी प्रशिक्षक होतो, विंगसूट आणि कॅमेराही वापरत असे. ते लगेच सुरू करता येईल का?

प्रशिक्षकाची आणि टँडमची (पाहुण्याला स्वतःला जोडून उडी मारण्याची) पात्रता परवान्यासारखी टिकून राहत नाही. तिचे नूतनीकरण व अलीकडच्या सरावाच्या अटी वेगळ्या असतात आणि खंडानंतर पुन्हा मूल्यांकन करावे लागते. विंगसूट आणि कॅमेरा यांसाठी यूएसपीएची किमान २०० उड्यांची अपेक्षा आपण पूर्वीच पूर्ण केली असेल, पण ती संख्या आजचा सराव दाखवत नाही. आधी साधी रिग, साध्या उड्या आणि साधे उतरणे पुन्हा पक्के करावे. कॅमेरा त्यानंतर आणि विंगसूट सर्वांत शेवटी.

१८. माझी शेवटची उडी अपघाताची होती. त्यानंतर शिक्षणाचे निमित्त झाले आणि मी थांबलो. हे सांगावे का?

सांगावेच, आणि उडीच्या दिवशी नव्हे तर आधी, निवांतपणे. त्या दिवशी काय घडले ते प्रशिक्षकासमोर क्षणाक्षणाने मांडावे: किती उंची होती, काय दिसले, हाताने काय केले. चूक कोठे झाली हे कळले की उजळणी तिच्याभोवती आखता येते. राखीवावर उतरलेल्या एका विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे वाटत होते की त्याने बिघाड उशिरा ओळखला. त्याच्या लॉगबुकातील उंची पाहिल्यावर लक्षात आले की त्याने अगदी वेळेवर कृती केली होती. केवळ तेवढे समजल्यावर त्याचा चेहरा बदललेला मी पाहिला. अपघाताच्या आठवणीने झोप उडत असेल तर आधी समुपदेशकाची मदत घ्यावी.

१९. मला नियमित परतायचे नाही. इतक्या वर्षांनी फक्त एकदाच आकाश पुन्हा अनुभवायचे आहे. एका उडीसाठी एवढे सगळे करावे लागेल का?

एकट्याने उडी मारायची असेल तर होय, सगळे करावे लागेल; एक उडीही पूर्ण उडीच असते. नुसता अनुभव हवा असल्यास टँडम उडी घ्यावी. त्यात राखीवासह संपूर्ण रिग प्रशिक्षकाच्या अंगावर असते आणि आपण त्याला पुढच्या बाजूने जोडलेले असतो. परवाना किंवा सराव लागत नाही. बुकिंग करतानाच आपला पूर्वीचा अनुभव सांगावा. अनेक प्रशिक्षक अशा पाहुण्याच्या मनगटावर अल्टिमीटर बांधतात, उंची वाचायला सांगतात आणि कॅनोपी उघडल्यावर टॉगल काही वेळ हातात देतात. हात वर जाऊन टॉगलांची ओढ पुन्हा जाणवल्यावर कित्येकांचा ‘फक्त एकदाच’चा बेत खाली उतरेपर्यंत बदलतो, तसे झाल्यास प्रश्न १ पासून पुन्हा वाचावे.